स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर : भगिनींपुढील पर्याय

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, महिला शाखेच्या सभेत सोलापूर येथे केलेले भाषण)



आपल्या मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, वसतिगृहाच्या निधीचा हिशेब वाचला जातो, वधूवरांचा परिचय होतो. ही सर्व कार्ये आवश्यक आहेत आणि ती अशीच चालावीत. यंदा महिला शाखेच्या चिटणीसबाईंनी आरोग्यावर काही सांगावे अशी मला आज्ञा केली, तेव्हा मी मुद्दाम असा विषय घेतला, की जो घरात माजघराच्या दाराआड कुजबुजला जातो आणि सभेत कधीच उच्चारला जात नाही. स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर बाईच्या शरीराचे रूप पुन्हा घडविता येते काय, येत असल्यास कोणकोणत्या मार्गांनी, आणि त्यांपैकी कोणता मार्ग कोणास हितावह, हा आजचा विषय आहे. पुरुषमंडळींना माझी विनंती आहे की त्यांनी संकोचून उठून जाऊ नये. हा रोग बहुतकरून बायकांना होतो. परंतु त्याविषयीचे निर्णय आपल्या घरांत अद्याप बहुतकरून पुरुष घेतात, म्हणून त्यांनी ऐकणे अधिक अगत्याचे आहे. शिवाय पुरुषही या रोगापासून सर्वस्वी मुक्त नाहीत. शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतोच.

प्रथम रोगाचे प्रमाण सांगते. इ. स. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांस स्तनाचा कर्करोग नव्याने झाला, आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्या रोगाने दगावल्या. आपल्या देशातील स्त्रियांत आज सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. आणि पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे तो लवकरच्या वयात दिसतो; चाळिशी-पन्नाशीतील, म्हणजे मुलांची शिक्षणे आणि लग्ने व्हावयाची आहेत अशा वयातील बाई त्याच्या तावडीत सापडते.

वेळेवर आलेली बाई पुष्कळदा बरी होते, हे आता सिद्ध झाले आहे. असे असता इतक्या स्त्रिया का दगावतात? याची कारणे अनेक आहेत, परंतु एक मोठे कारण म्हणजे विलंब. बाईला गाठ हाताला लागते ती अंघोळीच्या वेळी. ती गाठ बहुधा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून ती कोणास सांगत नाही. गौरी-गणपती होऊ द्या, मग दिवाळी होऊ द्या, मग मुलीचे लग्न उरकू द्या, असे करता करता वर्ष निघून जाते. मी अशा भगिनींस विचारले आहे की बाई, इतके दिवस का थांबलात? पुष्कळींनी मरणाचे भय सांगितले नाही. त्यांनी सांगितले ते असे, की ‘डॉक्टर छाती काढून टाकतील, आणि मग मी कोणत्या तोंडाने चारचौघींत जाऊ?’ मरणाचे भय दूरचे असते, आणि हे भय जवळचे असते. म्हणून माझे असे मत आहे की शस्त्रक्रियेनंतरच्या पर्यायांची माहिती ही काही श्रीमंतांच्या हौसेची गोष्ट नव्हे. ती माहिती घरोघर पोचली, तर भयाने लपविलेली गाठ लवकर दाखविली जाईल, आणि त्यामुळे जीव वाचतील.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉ. विल्यम हॉल्स्टेड यांनी संपूर्ण स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील गाठी अशा सर्वच काढून टाकण्याची पद्धत रूढ केली. त्यांचा गाजलेला निबंध १८९४ सालचा. त्या काळी रुग्ण फार उशिरा येत आणि दुसरे उपचार नव्हते, म्हणून ही कठोर शस्त्रक्रिया पाऊणशे वर्षे जगभर चालली. आपल्याकडे मुंबईस परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. त्या काळातील आपल्या आजीच्या पिढीच्या बायका तेथून परत आल्या, तेव्हा त्यांचा हात सुजलेला आणि छातीच्या बरगड्या कातडीखाली दिसणाऱ्या, असे रूप घरच्यांनी पाहिले. आज आपल्या मनात जे भयचित्र आहे ते त्या काळचे आहे. शास्त्र पुढे गेले, चित्र मात्र तेथेच राहिले.

पुढे इटलीतील डॉ. उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेतील डॉ. बर्नार्ड फिशर यांनी असा प्रश्न विचारला, की गाठ लहान असेल तर संपूर्ण स्तन काढण्याची गरज आहे काय? त्यांनी काही स्त्रियांचा स्तन काढला, आणि काहींची केवळ गाठ व तिच्याभोवतीचा थोडा निरोगी भाग काढून नंतर किरणोपचार दिले. वीस वर्षे या स्त्रियांवर लक्ष ठेवून २००२ साली दोघांनीही आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन्ही गटांतील स्त्रियांचे आयुर्मान सारखेच निघाले. म्हणजे योग्य रुग्णात स्तन राखूनही तितकेच आयुष्य लाभते. म्हणून पुनर्रचनेचा पहिला पर्याय हा, की शक्य असेल तेथे स्तन काढावाच न लागावा. गाठ मोठी असल्यास आधी औषधोपचार, म्हणजे ज्यास आपण सर्व ‘किमो’ म्हणतो तो, देऊन ती लहान करता येते आणि मग स्तन राखणे काही वेळा साधते. गाठीच्या जागी खळगा पडू नये म्हणून उरलेला भाग हलवून आकार नीट करण्याचे तंत्रही आता शल्यविशारदांस अवगत आहे. मात्र या मार्गात किरणोपचार, लोक ज्यास ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात ते, बहुधा घ्यावेच लागतात. ते अर्धवट टाकून गावी परत येणे धोक्याचे आहे.

परंतु कित्येकींच्या बाबतीत स्तन काढणे अटळ असते. रोग स्तनात अनेक ठिकाणी असतो, गाठ स्तनाच्या मानाने मोठी असते, किंवा किरणोपचार देता येत नाहीत. अशा भगिनींपुढे कोणते मार्ग आहेत ते आता क्रमाने सांगते.

त्याआधी एक गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. शरीराच्या एका जागेचे कातडे जिवंत ठेवून दुसऱ्या जागी बसविणे, ही ज्या सुघटनशल्याची मूळ कल्पना, ती आधुनिक युरोपास आपल्या महाराष्ट्रातून मिळाली. सुश्रुतसंहितेत कापलेले नाक घडविण्याचे वर्णन आहे हे आपण ऐकले असेल. परंतु ही विद्या ग्रंथातच राहिली नव्हती. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यातील कावसजी नावाच्या बैल हाकणाऱ्या माणसाचे नाक टिपूच्या माणसांनी कापले. सुमारे वर्षाने पुण्याकडे वीट घडविणाऱ्या कुंभार ज्ञातीतील एका कसबी गृहस्थाने त्याच्या कपाळाचे कातडे भुवयांपाशी जोडलेले ठेवून खाली वळविले आणि नवे नाक बसविले. मुंबईच्या दोन इंग्रज शल्यवैद्यांनी ही क्रिया पाहिली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मासिकात तिचा सचित्र वृत्तान्त आला, आणि त्यावरून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यवैद्याने १८१४ साली लंडनमध्ये तीच क्रिया केली. त्या महाराष्ट्रीय कारागिराने जे तत्त्व पाळले ते असे, की हलविलेल्या कातड्याचा रक्तपुरवठा तुटता कामा नये. आज स्तन घडविताना हेच तत्त्व पाळतात.

स्तनाच्या बाबतीत पहिला प्रयत्न जर्मनीत हायडेलबर्ग येथे डॉ. चेर्नी यांनी १८९५ मध्ये केला. एका गायिकेच्या कमरेजवळची चरबीची निरुपद्रवी गाठ काढून त्यांनी ती स्तनाच्या रिकाम्या जागी बसविली. १९०६ मध्ये इटलीतील डॉ. तान्सिनी यांनी पाठीचा स्नायू कातड्यासह पुढे वळविण्याची रीत प्रसिद्ध केली. परंतु हॉल्स्टेड यांचे वजन एवढे होते की ही रीत मागे पडली, आणि १९७० नंतरच ती पुन्हा प्रचारात आली.

आता आजचे पर्याय पाहू.

पहिला पर्याय : काहीच न घडविणे. हा पर्याय मी प्रथम सांगते, कारण तो कमी प्रतीचा आहे असा समज होता कामा नये. जखम भरून येते, छाती सपाट राहते, दुसरी शस्त्रक्रिया नसते, आणि बाई लवकर कामास लागते. वयाने प्रौढ, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या, अथवा मनानेच ‘आता पुरे’ म्हणणाऱ्या भगिनींस तो उत्तम. ज्यांना बाहेरून आकार हवा त्यांच्यासाठी सिलिकोनचा कृत्रिम स्तन मिळतो, तो खास शिवलेल्या काचोळीच्या खिशात बसतो. सुती धाग्याचे विणलेले हलके स्तनही मिळतात, आणि मुंबईत काही सेवाभावी स्त्रिया ते विणून विनामूल्य देतात. आपल्या ओळखीच्या एका साठीच्या काकूंनी तर घरीच युक्ती केली. तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली आपण मोहरीची उशी ठेवतो, तशी त्यांनी मऊ मलमलीची लहान उशी शिवली, चोळीला आतून खिसा लावला, आणि त्या पुन्हा हळदीकुंकवास जाऊ लागल्या. उशीला थोडे वजन असावे हे त्यांनी बरोबर ओळखले. एका बाजूचे वजन एकाएकी गेले की काही स्त्रियांचे खांदे आणि पाठ अवघडतात, ते अशा वजनाने कमी होते. मात्र जखम पूर्ण भरल्यावाचून व डॉक्टरांस विचारल्यावाचून ती वापरू नये.

दुसरा पर्याय : सिलिकोनचे रोपण. सिलिकोनची स्तनरोपणे प्रथम १९६२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे बसविण्यात आली. या मार्गात कधी एकदम रोपण बसवितात. कधी आधी छातीच्या कातडीखाली एक रिकामी पिशवी ठेवतात, तिच्यात काही आठवडे थोडे थोडे क्षारजल भरून कातडी ताणतात, आणि मग दुसऱ्या शस्त्रक्रियेत पिशवी काढून रोपण ठेवतात. याचा लाभ असा की शरीराच्या दुसऱ्या भागावर व्रण पडत नाही आणि शस्त्रक्रिया तुलनेने लहान असते. उणिवाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. रोपण हे जन्मभराचे नव्हे. काही वर्षांनी ते बदलावे लागण्याचा संभव असतो. त्याभोवती शरीर जे आवरण तयार करते ते काहींच्या बाबतीत आवळून घट्ट व दुखरे होते. जंतुसंसर्ग झाल्यास रोपण काढावे लागते. किरणोपचार झालेल्या छातीत या अडचणी अधिक येतात. शिवाय खरबरीत पृष्ठभागाच्या रोपणांभोवती एक फार विरळ प्रकारचा कर्करोग आढळला, त्यामुळे २०१९ साली एका मोठ्या कंपनीने अशी रोपणे जगभरातून परत घेतली. म्हणून कोणते रोपण बसविणार, पृष्ठभाग गुळगुळीत की खरबरीत, हे विचारून घ्यावे आणि त्याचे कार्ड जपून ठेवावे.

तिसरा पर्याय : पाठीचा स्नायू. खांद्यामागचा रुंद स्नायू, त्यावरील कातडी व चरबी यांसह, रक्तवाहिन्या न तोडता काखेखालून पुढे आणतात. कपाळाचे कातडे नाकावर आणण्याचीच ही मोठी आवृत्ती होय. रक्तपुरवठा मूळचाच राहत असल्याने हा मार्ग भरवशाचा आहे. मोठा स्तन घडवायचा असल्यास खाली लहान रोपणही ठेवावे लागते. पाठीवर व्रण राहतो, तेथे काही दिवस पाणी साचते, आणि हाताच्या जोरात थोडा फरक पडू शकतो. आपल्या गावच्या कित्येक भगिनींचे पोट हातावर आहे. कोणी शिलाईचे यंत्र चालविते, कोणी विडी वळते, कोणी मागाजवळ उभी राहते. त्यांनी आपले काम काय आहे हे शल्यविशारदास आधीच सांगावे.

चौथा पर्याय : पोटाची कातडी व चरबी. बाळंतपणानंतर बेंबीखाली जी सैल कातडी आणि चरबी उरते तिचाच नवा स्तन घडवितात. अमेरिकेतील डॉ. हार्ट्राम्फ यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या रीतीत पोटाचा एक उभा स्नायूही बरोबर घेत, त्यामुळे काहींचे पोट पुढे फुगे किंवा अंतर्गळ होई. पुढे जपानचे डॉ. कोशिमा यांनी १९८९ मध्ये स्नायू जागीच ठेवून त्यातून येणारी केवळ बारीक रक्तवाहिनी सोडवून घेण्याचा मार्ग दाखविला, आणि अमेरिकेत डॉ. अ‍ॅलन यांनी तो स्तनासाठी रूढ केला. यात पोटाचा तुकडा पूर्णपणे सुटा करून छातीवर नेतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन-अडीच मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिन्या केसाहून बारीक धाग्याने एकमेकींस जोडतात. आपण विणकरीच्या गावचे लोक. तुटलेला ताणा जोडणाऱ्या बोटांची किंमत आपणास सांगावयास नको. अशा स्तनाचा स्पर्श मऊ असतो, तो स्वतःच्याच शरीराचा असतो, वजन वाढले-घटले तर तोही तसाच बदलतो. परंतु शस्त्रक्रिया सहा-आठ तास किंवा त्याहूनही अधिक चालते, रुग्णालयात कित्येक दिवस राहावे लागते, आणि पुढे सुमारे सहा आठवडे पाण्याची कळशी काय, नातवंडदेखील उचलता येत नाही. जोडलेली रक्तवाहिनी क्वचित तुंबते, आणि मग तातडीने पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. थोड्या रुग्णांत संपूर्ण तुकडा गमवावाही लागतो. ज्यांच्या पोटावर चरबी नाही त्यांच्यासाठी मांडीचा भाग घेण्याची रीत आहे.

पाचवा पर्याय : चरबीचे टोचण. पोट-मांडीची चरबी नळीने शोषून, स्वच्छ करून, सुईने छातीत भरतात. तिचा काही भाग शरीर शोषून घेते, म्हणून हे दोन-तीन वेळा करावे लागते. बहुधा वरील मार्गांनी घडविलेल्या स्तनातील खाचखळगे भरण्यास याचा उपयोग होतो.

स्तनाग्राचा प्रश्न शेवटी येतो. काही योग्य रुग्णांत मूळचे स्तनाग्र राखता येते. ते गेले असल्यास काही महिन्यांनी तेथीलच कातडीची लहान घडी करून उंचवटा घडवितात, आणि भोवतीचा रंग गोंदून काढतात. गोंदण आपल्या आज्यांच्या कपाळावर आणि हातांवर होतेच. तेच आता रुग्णालयात उपयोगी पडत आहे.

यांपैकी कोणताही मार्ग घेतला तरी एक सत्य बाईला आधी सांगितले पाहिजे. नवा स्तन दिसण्यास स्तन असतो, पण स्पर्शाची जाणीव बहुधा पूर्वीसारखी परत येत नाही. म्हणून गरम पाण्याची पिशवी तेथे ठेवू नये. भाजले तरी कळत नाही. दूध येण्याचा प्रश्नच नाही. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होत नाहीत, आणि कधी दुसऱ्या बाजूचाही आकार थोडा बदलावा लागतो. जी बाई आरशात पूर्वीचेच शरीर शोधील तिची निराशा होईल. जी चारचौघींत लुगडे नेसून निःशंक वावरू इच्छिते, तिला मात्र यातून पुष्कळ मिळते.

पुनर्रचना केव्हा करावी? ती स्तन काढण्याच्या वेळीच करता येते, किंवा सर्व उपचार आटोपल्यावर, महिन्यांनी किंवा वर्षांनीही करता येते. पहिल्या मार्गात बाई जागी होते तेव्हा छाती रिकामी नसते, आणि स्तनाची मूळ कातडी वापरता येते. दुसऱ्या मार्गात विचारास अवधी मिळतो. पुढे किरणोपचार द्यावयाचे असतील तर पुष्कळ वेळा थांबणे किंवा पोटाचा-पाठीचा भाग घेणे श्रेयस्कर ठरते. ज्या भगिनींची शस्त्रक्रिया पाच-दहा वर्षांपूर्वी झाली आहे, त्यांनी ‘आता वेळ गेली’ असे समजू नये. त्यांनाही हे दार उघडे आहे.

एक सूचना मी विशेष आग्रहाने करते. आपल्याकडे पुष्कळ बायका सकाळी मिश्री लावतात, आणि त्या तिला तंबाखू समजतच नाहीत. मिश्री ही तंबाखूच आहे. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि हलविलेल्या कातड्याचा जीव त्याच वाहिन्यांवर असतो. शस्त्रक्रियेपूर्वी निदान काही आठवडे मिश्री बंद केली पाहिजे, आणि डॉक्टरांपासून ती सवय लपवू नये. मधुमेहही आधी आटोक्यात आणावा लागतो.

आता काही गैरसमज. सुईने तपासणी केल्याने रोग पसरतो, हे खोटे आहे. त्या तपासणीवाचून योग्य उपचार ठरविताच येत नाहीत. पुनर्रचना केल्याने रोग पुन्हा उद्भवतो किंवा लपून राहतो, हेही आजवरच्या अभ्यासात दिसून आलेले नाही. हा रोग स्पर्शाने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. पतीजवळ राहण्यास त्यामुळे प्रत्यवाय नाही. आणि आईला हा रोग झाला म्हणून मुलीचे लग्न मोडणे हा शुद्ध अन्याय आहे. बहुसंख्य रुग्णांत हा रोग आनुवंशिक नसतो. जेथे घराण्यात अनेकींना, आणि तरुण वयात, तो झालेला असेल तेथे रक्ताची जनुकीय तपासणी करून घ्यावी. तिचा हेतू सावधगिरी हा आहे, बहिष्कार हा नव्हे.

खर्चाविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. विमा-नियामक मंडळाच्या नियमांत सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च वगळलेला असला, तरी अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेस त्या वगळणुकीतून सूट आहे. ‘हे सौंदर्यासाठी आहे’ असे म्हणून कोणी दावा नाकारू लागल्यास हे वाक्य त्याला दाखवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातील सर्व कुटुंबांस लागू करण्याचा आणि वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण देण्याचा निर्णय २०२३ साली झाला. तिच्यात आपली कोणती शस्त्रक्रिया बसते हे योजनेतील रुग्णालयातील आरोग्यमित्रास भरती होण्यापूर्वी विचारावे. रेल्वेच्या भाड्यात कर्करोग्यास व सोबत्यास सवलत मिळते. मुंबईस जावे लागले तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी पोचता येते, आणि दादर येथे गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा परगावच्या रुग्णांस आसरा देते. प्रत्येक वेळी मुंबईच गाठावी लागते असेही नाही. आपल्याच जिल्ह्यात बार्शीस नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे, आणि देशातील ग्रामीण भागाची पहिली कर्करोग-नोंदवही तेथेच १९८७ साली सुरू झाली. बार्शीच्या आणि टाटा रुग्णालयाच्या कार्यकर्त्यांनी शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांचा जो अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष २००९ साली जगभर वाचले गेले. खेड्यातील स्त्रिया संकोच सोडून पुढे येत नाहीत असे म्हणणाऱ्यांस हे चोख उत्तर आहे.

तशीच दुसरी गोष्ट मुंबईची. तेथील वस्त्यांत दीड लाखांवर स्त्रियांवर वीस वर्षे अभ्यास झाला. शिकविलेल्या सेविकांनी निम्म्या स्त्रियांचे स्तन ठरावीक काळाने केवळ हाताने तपासले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या साध्या तपासणीने स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. यंत्र नको, वीज नको; जाणते हात पाहिजेत. हे आपल्या मंडळालाही करविता येईल.

शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांस कोणते प्रश्न विचारावेत, ते लिहून घ्या. माझा स्तन राखता येईल काय? नसल्यास का नाही? पुनर्रचना आताच करावी की नंतर? मला किरणोपचार लागतील काय? माझ्या शरीरास कोणता मार्ग योग्य, आणि कोणता येथे होत नाही पण दुसरीकडे होतो? एकूण किती शस्त्रक्रिया, किती दिवस, किती खर्च? आणि काहीच न केल्यास काय? शल्यविशारद थोर असला तरी हे विचारणे उद्धटपणाचे नव्हे. मात्र एवढे ध्यानात असावे की रोगाचा उपचार प्रथम, रूप नंतर. पुनर्रचनेच्या विचारात मूळ उपचार लांबता कामा नयेत.

शेवटी निर्णय कोणाचा? मी पाहिले आहे की सासूबाई म्हणतात, ‘या वयात आता हे कशाला?’ आणि पती म्हणतो, ‘मला काही फरक पडत नाही, तू कशाला त्रास घेतेस?’ दोघांच्याही मनात वाईट नसते. परंतु फरक पडतो तो तिला. रोज चोळी घालताना तीच असते. उलट, नको असताना नवऱ्याच्या किंवा मुलांच्या आग्रहाखातर मोठी शस्त्रक्रिया करून घेणेही तितकेच अयोग्य. पन्नास वर्षांच्या बाईने ‘हवे’ म्हटले तर ती चवचाल ठरत नाही, आणि तिशीच्या बाईने ‘नको’ म्हटले तर ती खुळी ठरत नाही. कुटुंबाने माहिती मिळवावी, पैसा उभा करावा, सोबत जावे. होकार-नकार तिचा असावा.

मंडळाकडे माझ्या तीन मागण्या आहेत. शिष्यवृत्ती-निधीप्रमाणे एक लहान रुग्ण-साहाय्य निधी असावा आणि त्यातून पुनर्रचना किंवा कृत्रिम स्तन यांसही मदत मिळावी. महिला शाखेने वर्षातून एकदा जाणत्या परिचारिकेकडून तपासणीचे शिबीर भरवावे. आणि ज्या भगिनी या प्रसंगातून गेल्या आहेत, त्यांपैकी ज्यांची इच्छा असेल त्यांनी नव्या रुग्ण भगिनीस भेटावयास जावे. डॉक्टरने तासभर सांगितलेले जे पटत नाही, ते अशा एका भगिनीने चहा घेता घेता सांगितलेले पटते. त्यांची नावे गुप्त राखण्याची जबाबदारी शाखेने घ्यावी.

 ज्या भगिनीस आज या सभेत काही शंका असेल पण विचारण्याचा संकोच वाटत असेल, तिने सभा संपल्यावर मला एकटीने गाठावे. आणि जिच्या हाताला गाठ लागली असेल, तिने पुढच्या सणाची वाट पाहू नये.